त्या उन्हाळ्याची हवा

नागपूर,
27 मे

प्रिय वंदू,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. नवतपा लागलाय, दुपारी कूलरसमोरून हलवत नाही, म्हणून एका बैठकीतच उत्तर लिहून काढते. पर्यावरण दिनाच्या तुझ्या भाषणाचा मसुदा वाचला. भाषा नेहमीसारखीच सुरेख आहे. पण पहिल्याच परिच्छेदात तू म्हटलंयस, ‘माणूस घरात बसला आणि निसर्गाने मोकळा श्वास घेतला.’ हे वाक्य काढ, वंदू. तुझ्यासमोर अठरा-एकोणीस वर्षांची पोरं बसणार. महामारी पर्यावरणाला बरी असते, असं मनात घेऊन ती उठायला नकोत.

हवा स्वच्छ झाली होती, यात शंका नाही. 25 मार्च 2020 ला करोनामुळे टाळेबंदी लागली आणि एप्रिलात बर्डीच्या व्हेरायटी चौकात भर दुपारी कुत्री रस्त्याच्या मधोमध आडवी पडलेली असायची. सेमिनरी हिल्सच्या वरचं आभाळ इतकं निळं मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. समोरच्या पिंपळावर राखी धनेशाची जोडी यायची, तिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा. धनेश आपल्याकडे आधीही होतेच, हॉर्नच्या गोंगाटात ते ऐकू येत नव्हते. तिकडे जालंधरच्या गच्च्यांवरून हिमालयातल्या धौलाधारच्या बर्फाळ रांगा दिसल्याचे फोटो तूच मला पाठवले होतेस.

पण थांबल्या होत्या त्या मुख्यतः गाड्या आणि कारखाने. कोराडी-खापरखेड्याची कोळशावरची वीजनिर्मिती मागणीप्रमाणे कमीजास्त झाली असेल, बंद पडली नव्हती. आपले पंखे-कूलर त्याच विजेवर फिरत होते. शिवाय गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड जमिनीलगतचा, श्वासाला घातक ओझोन खाऊन टाकतो. तो धूर घटल्यावर बऱ्याच शहरांत ओझोन उलट वाढला. आणि जगभरचं कार्बन उत्सर्जन त्या वर्षी साधारण पाच टक्क्यांनी घटलं, तरी हवाईच्या मौना लोआ वेधशाळेत कार्बन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी 2019 च्या 411 वरून 2020 मध्ये 414 पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत 414 भाग) गेलीच. अख्खं जग कुलूपबंद करूनही नुसता चढण्याचा वेग किंचित कमी झाला. तुझ्या पोरांना हा आकडा नक्की सांग. एकेकट्या माणसाने घरी बसून हे काम होणारं नाही, वीज कशापासून तयार होते तेच बदलावं लागेल, हे त्यांना यावरून कळेल.

आता त्या निळ्या आभाळाखाली काय चाललं होतं ते सांगते. मे महिन्यात आमच्या कॉलनीतल्या काही जणी पांजरीच्या टोलनाक्यावर जेवण घेऊन जायचो. हैदराबादकडून, मुंबईकडून पायी निघालेली माणसं तिथे येऊन टेकायची. कुणाला मध्य प्रदेशात जायचं, कुणाला छत्तीसगडला, कुणाला थेट उत्तर प्रदेशात. आपला मे तुला ठाऊक आहे, पारा पंचेचाळीसच्या घरात. डांबर मऊ झालेलं. आम्ही पुऱ्या, भाजी आणि ताक न्यायचो, पण पहिल्या दिवसापासून मागणी आली ती चपलांची. मग घरोघरी फिरून जुन्या चपला गोळा केल्या. एका बाईने पोरासाठी जोड उचलला, तो त्याला बराच मोठा होत होता. तिने पदराची किनार दाताने फाडली, दोन पट्ट्या केल्या आणि चप्पल त्याच्या घोट्याला बांधून टाकली. मग मला विचारलं, ‘‘दीदी, यहाँ औरतों के लिए आड़ कहाँ है?’’ जेवण, पाणी, चपला, सगळ्यांचा विचार आम्ही केला होता, आडोशाचा नव्हता. दुसऱ्या दिवशी दोन पलंगपोस आणि दोरी घेऊन गेलो. हवा तिथेही स्वच्छच होती, वंदू.

सतरंजीपुरा, मोमिनपुऱ्यात वेगळीच तऱ्हा. गल्ल्या सील केलेल्या, वर टिनाची छपरं, एका खोलीत सात-आठ माणसं. ‘घरातच राहा’ हा सल्ला ज्यांच्या घराला दुसरी खोली आहे त्यांच्यासाठी लिहिलेला होता, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

आणि जंगलाचं म्हणशील, तर तेही काही सुखात नव्हतं. पेंचचं सिल्लारी गेट बंद झालं तशी गाइड आणि जिप्सीवाल्यांची कमाई गेली. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेने नोंदवलं, की टाळेबंदीआधीच्या सहा आठवड्यांत देशात शिकारीच्या 35 घटना समोर आल्या होत्या, टाळेबंदीच्या सहा आठवड्यांत 88. बरीचशी शिकार खाण्यासाठी आणि गावातल्या गावात विकण्यासाठी होती. ज्याची चूल विझते तो रानाकडे वळतो, त्यात नवल काय? आपल्याकडच्या मृग बहाराच्या संत्र्याचंही तेच, ऐन तोडणीत बाजार आणि वाहतूक दोन्ही अडले.

2021 च्या एप्रिलबद्दल फार लिहवत नाही. विशाखापट्टणमहून निघालेल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसचे टँकर 23 तारखेला नागपूर स्टेशनवर उतरले, तेव्हा लोक ते दृश्य टीव्हीवर बघून रडत होते. मोक्षधामला, गंगाबाई घाटावर दहनाचे ओटे रिकामे मिळत नव्हते. लाकडाऐवजी शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्यांवरही दहन झाले, त्यांना इथे मोक्षकाष्ठ म्हणतात. झाडं वाचतात म्हणून ही चांगलीच सोय आहे आणि ती पुढेही वापरावी असं माझं मत आहे. पण आमच्या शेजारच्या काकूंना काकांचं तोंडही बघायला मिळालं नाही. तेरवी नाही, दारात बसून जाणाऱ्या बायका नाहीत. त्या कितीतरी महिने संध्याकाळी दोघांचा चहा टाकायच्या. आम्हाला माहीत होतं, म्हणून आमच्यापैकी कुणीतरी त्या वेळेला जाऊन बसायचं. दुःखाला माणसं लागतात गं. आजाराने माणूस तर नेलाच, वर रडायची रीतही नेली.

शाळेचं तुला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगितलंय. 2020 च्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेली पोरं माझ्यासमोर नीट बसली ती थेट तिसरीत. बाप दिवसा फोन कामावर घेऊन जायचा, त्यामुळे धडा रात्री. वर्गात आल्यावर प्रश्न विचारला की ती माझ्याकडे नुसती बघत राहायची. फोनवर ‘माइक बंद ठेवा’ हेच सतत ऐकलेलं, बोलायला कुणीतरी परवानगी देईल म्हणून वाट बघायची. एक पोरगी तर हजेरीला फक्त बोट वर करायची. तिच्यावर पाढ्यांचा मारा करण्यात अर्थ नव्हता. मी वर्ग मैदानातल्या कडुनिंबाखाली नेला, निंबोळ्या वेचायला लावल्या, मोजायला लावल्या. भांडणं सुरू झाली तशी भाषाही सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलंय, की महामारीच्या पहिल्याच वर्षात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण जगभर 25 टक्क्यांनी वाढलं, तरुण आणि स्त्रियांना जास्त झळ बसली. तो आकडा वाचताना मला ते वर केलेलं बोट दिसतं.

भाषणात ठेवायचंच असेल, तर उलट बाजूने धर: पर्यावरण बिघडलं की साथी कशा येतात. आपल्याजवळचं उदाहरण माकडताप. 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला. जंगल तोडून माणसं आत शिरली, गुरं चरायला गेली, हा ताप पसरवणाऱ्या गोचिडी वाढल्या, माकडं मरू लागली आणि मागोमाग माणसं. हल्लीच्या वर्षांत तो आपल्या सिंधुदुर्गातही पोचलाय. 1918 ची मानमोडी, म्हणजे फ्लूची ती मोठी साथ, तीही विसरू नकोस. ऐन त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, अन्नाची चणचण होती, आणि आपला मध्य प्रांत-वऱ्हाड सगळ्यात जास्त पोळलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. अर्धपोटी शरीर तापापुढे टिकत नाही.

एक चांगली गोष्ट मात्र मनापासून लिही. फिरायला दुसरी जागा नव्हती, तेव्हा लोकांना आपल्या गावातली झाडं दिसली. अजनीतली हजारो झाडं स्टेशनच्या प्रकल्पात जाणार असं कळल्यावर कॉलेजची पोरंपोरी फलक घेऊन उभी राहिली. त्यातली काही माझ्या ओळखीची. आधी त्यांना कडुनिंब आणि करंज यातला फरक सांगता आला नसता.

हे सगळं घालशील तर भाषण लांबेल, ते तू बघ. वेळ कमी पडला तर मौना लोआ काढ, पण पांजरीच्या नाक्यावरची ती बाई ठेव. माकडतापाबद्दल आणखी काही हवं असेल तर फोन कर, रात्री नवानंतर मी मोकळी असते. आईंना नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्यांचं काय झालं तेही कळव.

तुझी,
सुनी