तारली सरकली, रापणकरांचे काय?

महोदय,

तारली ही मुळात मलबार किनाऱ्याची मासळी. समुद्राचे पाणी तापत गेले तशी ती 1985 नंतर उत्तरेकडे, पार आपल्या कोकणापर्यंत पसरली, असे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. बांगड्याचे दुखणे वेगळे आहे. वरचे पाणी तापल्याने तो खोल, थंड थरात उतरू लागला असून ट्रॉलरच्या तळ खरवडणाऱ्या जाळ्यांत अधिक सापडतो. ट्रॉलर त्याच्यामागे जातील. पण वाळूत पाय रोवून, दोन्ही बाजूंनी दोर ओढत रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, काठाला आणणाऱ्या माणसांनी खोलात कसे जायचे? मासळीचे ठिकाण बदलत असताना मत्स्यव्यवसाय विभागाने धोरण आखताना रापणकरांना प्रथम विचारावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सिंधुदुर्ग