जुन्या झूम लेन्सच्या वतीनेही, काका, तुमचे आभार

आदरणीय काका,

नाव जाहीर करायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'काका' म्हणतो. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही समजावलेलं जुनी झूम लेन्स बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

वडिलांची निकॉनची जुनी 70-210 मिमी झूम लेन्स मी निकॉनच्या नव्या झेड माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बसते ती जागा) कॅमेऱ्यावर अडॅप्टर, म्हणजे मधली जोडकडी, लावून वापरत होतो. 210 वर फोकस करून 70 वर आलो, की चित्र मऊ पडायचं. "लेन्स गेली," असा निकाल जाणत्या लोकांनी दिला होता. एक जण ती खोलायलाही बसला होता. तुम्ही फोनवर पहिला प्रश्न विचारलात, "बिघाड कुठल्या टोकाला दिसतो?" वाइडला, म्हणजे 70 च्या टोकाला, म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "मग एकही स्क्रू काढू नकोस. आधी अडॅप्टर मोज."

जुन्या लेन्सच्या एफ माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर 46.5 मिमी, झेडचं सेन्सरपर्यंत 16. म्हणजे अडॅप्टर बरोबर 30.5 मिमी भरायला हवा. व्हर्नियर कॅलिपरने मोजल्यावर माझा 30.4 भरला. अनंतापर्यंत (∞, म्हणजे अगदी लांबच्या वस्तूपर्यंत) फोकस नक्की पोचावा म्हणून अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ ठेवतात, हे तुमच्याकडूनच कळलं. एका साध्या कागदाच्या जाडीएवढा फरक! पण तुम्ही तो मांडून दाखवलात: लांबच्या वस्तूवर 0.1 मिमीची चूक भरून काढायला 210 वर फोकसची रिंग साधारण 440 मीटरवर न्यावी लागते, म्हणजे जवळपास ∞ वरच; 70 वर मात्र थेट 49 मीटरवर. टेलीला, म्हणजे 210 ला, लावलेला फोकस वाइडला टिकणार कसा? त्यात f/4 एवढं छिद्र उघडं असताना त्या चुकीमुळे एका बिंदूचा 0.025 मिमीचा धूसर डाग पडतो. फिल्मच्या काळात 0.03 पर्यंत खपून जायचं. 24 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (35 मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर तोच डाग चार पिक्सेल व्यापतो, आणि आपण तर फोटो शंभर टक्के मोठा करून बघतो.

मग तुम्ही सांगितलेली परीक्षा केली. कॅमेरा ट्रायपॉडवर, समोर लांबचा टॉवर, स्क्रीनवरचं चित्र मोठं केलेलं. 210 ला रिंग ∞ ला टेकली, 70 ला ∞ च्या अलीकडेच थांबली. अडॅप्टरच्या दोन भागांमध्ये पातळ पत्र्याची चकती घातली, आणि दोन्ही टोकं एकाच खुणेवर आली. लेन्सला हातही लागला नाही.

स्टॅबिलायझेशनची, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या सोयीची, गोष्ट तर कुणीच सांगितली नव्हती. जुनी लेन्स झूम कितीवर आहे हे कॅमेऱ्याला कळवत नाही; आकडा आपणच भरायचा असतो. मेनूत 210 भरलेलं आणि झूम 70 वर, तर कॅमेरा गरजेपेक्षा कितीतरी जास्त सावरतो आणि फोटो हलतो. तो धूसरपणा हुबेहूब फोकस चुकल्यासारखा दिसतो. ट्रायपॉडवर चित्र स्वच्छ आणि हातात धरलं की खराब, तर आधी मेनू बघायचा, ही तुमची खूण मी आता सगळ्यांना सांगतो.

ऑटोफोकसवाल्या डीएसएलआरची (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) युक्तीही मित्राच्या कामी आली. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघताना, फोकस थेट चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरून ठरतो, व्ह्यूफाइंडरमधून वेगळ्या फोकस सेन्सरवरून. लाइव्ह व्ह्यूत फोटो शार्प आणि व्ह्यूफाइंडरमधून चुकलेला, तर लेन्सच्या काचा निर्दोष. कॅमेऱ्यात फाइन ट्यूनिंगची, म्हणजे ऑटोफोकस किंचित पुढे-मागे सरकवण्याची, सोय असेल तर तिथेच सुधारायचं. त्याच्या कॅमेऱ्यात संपूर्ण झूमला एकच आकडा देता येतो, म्हणून तो जास्त वापरतो त्या टोकाला आम्ही जुळवला.

काका, आयुष्यभर लेन्स दुरुस्त केलेल्या माणसाने "आण इकडे, खोलून बघू" म्हटलं असतं तरी मी आनंदाने आणली असती. तुम्ही फोनवर तासभर घालवलात, माझ्याकडून मोजमापं करून घेतलीत आणि काही घ्यायलाही तयार झाला नाहीत. वडिलांची लेन्स न उघडता नीट झाली, हे माझ्यासाठी किती मोठं आहे हे फोनवर धड सांगता आलं नव्हतं. मनापासून आभारी आहे.

70 आणि 210, दोन्ही टोकांवर काढलेल्या फोटोंचे प्रिंट पाठवतोय. भिंग लावून कोपरे बघा, आणि चकती अजून पातळ हवी असं वाटलं तर नक्की कळवा.

आपला कृतज्ञ,
70-210 वाला