मुद्रकाचाही इतिहास सांगावा

रविवारच्या पुरवणीतील वृत्तपत्रस्वातंत्र्यावरचा लेख आवडला, पण त्यात सरकारी बंधनांची कहाणी १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्यापासून सुरू होते, हे खटकले. ती त्याआधी जवळजवळ ८० वर्षे सुरू झाली होती आणि तिचा रोख संपादकाइतकाच छापखान्यावरही होता.

१७९९ मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्यात नियम केले. अंकाच्या तळाशी मुद्रकाचे नाव हवे आणि सरकारी सचिवाने तपासल्याखेरीज अंक निघता कामा नये. नियम मोडणाऱ्याची रवानगी थेट युरोपला! १८१८ मध्ये ही पूर्वतपासणी उठली, तोच १८२३ मध्ये हंगामी गव्हर्नर जनरल जॉन ॲडमने वृत्तपत्रांवर परवान्याची सक्ती आणली. तिच्या निषेधार्थ राममोहन रॉय यांनी आपले ‘मिरात-उल-अखबार’ हे फारसी पत्रच बंद केले. १८५७ मध्ये तर छापखाना बाळगायलाही परवाना लागू लागला. लेखात आलेल्या १८७८ च्या कायद्यातही जातमुचलका लिहून घेतला जाई तो मुद्रक आणि प्रकाशकाकडून.

यामागचा हिशेब उघड आहे. लेखक टोपणनावाआड लपू शकतो; यंत्र, छपाईचे खिळे आणि कागद लपवता येत नाहीत. जप्ती आली की मालकाबरोबर खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांचाही रोजगार बुडणार, म्हणून मजकूर हाती घेण्याआधी मुद्रकच कचरत असणार. ही धास्ती कोणत्याही खटल्याच्या कागदपत्रांत सापडायची नाही. लेखाच्या पुढील भागात मुद्रकांची ही बाजू अवश्य यावी.

– एक वाचक, पुणे