जवस दळायला नाही म्हटल्यानंतर लेकीस पत्र

कराड,
रविवार, सकाळ

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

गुरुवारी रात्री मी फोनवर जे बोललो ते तुला लागले असणार, कारण एरवी तू "ठेवते हं आबा" असे म्हटल्याशिवाय फोन ठेवत नाहीस आणि त्या रात्री काहीच न बोलता ठेवलास. लो कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांच्या, मालाच्या दुकानासाठी सिंहगड रस्त्यावरच्या गाळ्याचा करार झाला, डिपॉझिट भरले, नोकरीचा शेवटचा दिवसही ठरला, हे सगळे तू एका दमात सांगितलेस आणि मग विचारलेस, "जवस आणि तीळ आपल्या गिरणीत दळून द्याल का?" त्यावर मी एका शब्दाने तुझे कौतुक केले नाही. "माझ्या गिरणीत जवस दळायचा नाही," एवढेच म्हणालो.

कारण खोटे नव्हते. तेलबिया दगडी गिरणीत घातल्या की टाकी लावून काढलेल्या खाचा तेलाने बुजतात, दगड तापतो आणि मागून येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गव्हाला दोन दिवस तो वास राहतो. शिवाय कितीही झाडले तरी आपल्या गिरणीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत गव्हाचे पीठ असणारच, आणि तुझ्याकडे येणाऱ्या माणसाला नेमके तेच नको असणार. हे शांतपणे सांगता आले असते. पण माझ्या आवाजातला राग जवसाचा नव्हता, आणि तो कशाचा होता हे सांगण्यासाठीच आज लिहायला बसलो आहे.

तू पाठवलेली मालाची यादी मी आतापर्यंत तीन वेळा वाचली आणि एकदा आईला मोठ्याने वाचून दाखवली. प्रत्येक जिनसापुढे शंभर ग्रॅममागे कर्बोदके किती आणि त्यात तंतू किती हे तू लिहिले आहेस, ते पाहून मला खरोखर अभिमान वाटला. जवसात साधारण २९ ग्रॅम कर्बोदके आणि त्यांतले २७ ग्रॅम तंतूच, हे मला इतकी वर्षे जवस विकूनही माहीत नव्हते. तुझी आजी कारळे, जवस आणि तिळाच्या चटण्या डब्यात भरून ठेवायची, त्या आज तुझ्या दुकानाच्या पहिल्या फळीवर बसणार याचे तिला केवढे नवल वाटले असते. ज्वारी, बाजरी आणि मखाणे तू यादीतून मुद्दाम काढलेस हे मला फार आवडले. लोक भाकरीला हलकी समजतात, पण ज्वारीच्या पिठात कर्बोदके गव्हाच्या पिठाइतकीच, शंभरात साठाच्या वर, आणि मखाण्यात तर त्याहूनही जास्त. चालणारा माल गिऱ्हाइकाच्या गैरसमजावर विकायचा नाही, असे तू ठरवलेस. मी तुझ्या वयाचा असताना असे ठरवले नव्हते.

आता दुकानदार म्हणून दोन गोष्टी सांगतो, त्या तू ऐकून घे. बदामाचे पीठ एकदम भरू नकोस. बदामात निम्मे तेल असते, पीठ केले की त्याला हवा लागते आणि पुण्याच्या उन्हाळ्यात ते खवट व्हायला वेळ लागत नाही. किलोला हजाराच्या वर जाणारा माल फेकून देताना काय वाटते, ते मी काजूच्या एका पोत्यावर शिकलो आहे. जुना माल पुढे आणि नवा मागे, हे फळ्या लावणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी शिकव आणि तरीही रोज स्वतः बघ. पाव आणि पनीर यांच्यासाठी फ्रिज घेशील, तर दुकान बंद असतानाही त्याचे वीजबिल चालूच राहते हे हिशेबात धर. सुटा माल आणून स्वतःच्या पाकिटात भरणार असशील, तर अन्नसुरक्षेची नोंदणी करताना तू नुसती किरकोळ विक्री करत नाहीस, पाकिटेही भरतेस, हे अर्जात स्पष्ट लिही. त्या पाकिटावर चौदा आकडी क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी, तारीख आणि हिरवा ठिपका यांतले काही राहू देऊ नकोस. उधारी ठेवू नकोस. नातेवाइकांना तर मुळीच नको, आणि ताईआत्या पहिल्याच आठवड्यात येईल हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

हे लिहिताना माझ्या लक्षात येते आहे की यातले निम्मे तुला माझ्याआधी माहीत आहे. नोंदणीची माहिती तर तूच मला फोनवर वाचून दाखवली होतीस. क्षमा कर. चाळीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला दुकान म्हटले की बोलल्यावाचून राहवत नाही.

भाड्याची काळजी मला वाटते, पण ती खरी काळजी नव्हे. पैसे बुडाले तर माणूस पुन्हा उभा राहतो. आपण एकोणीसशे ब्याण्णवनंतर उभे राहिलोच. मला भीती आहे ती तुझ्या दारात येणाऱ्या एका विशिष्ट माणसाची. तो मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल किंवा इन्सुलिन घेत असेल, तुझी पाटी वाचून मोठ्या आशेने आत येईल, तुझ्याकडचा पाव घेऊन जाईल, घरी पोळी आणि भात बंद करील, आणि गोळ्या मात्र तशाच चालू ठेवील.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तू इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतीस, परीक्षा तोंडावर होती, म्हणून आईने मला शपथ घातली होती. काल तिनेच सांगितले की आता लिही.

त्या वर्षी आईची साखर काही केल्या खाली येईना. मी कुठेतरी वाचले की भाकरी, भात, साबुदाणा बंद केला की साखर उतरते. वाचलेले चूक नव्हते. मी घरात फर्मान काढले. सकाळी अंडी, दुपारी भाजी आणि दही, रात्री पनीर आणि काकडी. आईने कुरकुर केली नाही, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता. चार दिवसांत उपाशीपोटीची साखर एकशे साठावरून एकशे पंधरावर आली आणि मी गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत सुटलो. डॉक्टरांना विचारावे असे मला सुचलेही नाही. आई ग्लिमेपिराइडची गोळी घेत होती. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात भाकरी असो वा नसो. मला हे कुणी सांगितले नव्हते, आणि मी कुणाला विचारलेही नव्हते.

सहाव्या रात्री तीनच्या सुमाराला मला जाग आली ती तिच्या बोलण्याने. ती घामाने चिंब भिजली होती, हात थरथरत होते आणि ती मला नानांच्या नावाने हाक मारत होती. नाना जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. मी दिवा लावला तरी तिने मला ओळखले नाही. यंत्रावर आकडा आला अठ्ठेचाळीस. सत्तरच्या खाली धोका, एवढे मला माहीत होते. तिला गिळता येत होते हे देवाचे उपकार. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचे नसते, हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून मी घोट घोट पाजली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचले. ती पंधरा मिनिटे मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघत काढली. अजूनही ते घड्याळ बदलावेसे वाटते आणि बदलवत नाही. पहाटे ती माझ्याकडे बघून म्हणाली, "असे का बसलात? झोपा की." तिला काही आठवत नव्हते.

डॉक्टर माझ्यावर ओरडले नाहीत, त्यामुळे मला जास्त लाज वाटली. ते म्हणाले, जेवण बदलले ते चांगलेच केले, पण मला आधी सांगितले असते तर मी गोळी कमी केली असती. त्यांनी गोळी निम्मी केली, नंतर बंदच केली, आणि आई आज भाकरी अर्धी आणि भाजी दुप्पट खाऊन ठणठणीत आहे. म्हणजे तुझा मार्ग चुकीचा नाही, मनू. मला तो चुकीचा वाटतच नाही. तुझे एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, एकतिसाव्या वर्षी ६.१ आले तेव्हा मी देवघरात जाऊन बसलो होतो, आणि आज ते ५.५ आहे ते तू स्वतःच्या ताटात जे केलेस त्यामुळे. पण तुला गोळी चालू नव्हती. तुझ्या दुकानात येणाऱ्याला चालू असेल.

गेल्या महिन्यात आईच्या तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना तुझ्या दुकानाबद्दल विचारले. (तुला न विचारता विचारले, ही दुसरी क्षमा.) त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुला ठाऊक नसेल तर नीट वाच. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी "फ्लोझिन" येते, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा, त्या घेणाऱ्याने कर्बोदके एकदम फार कमी केली तर रक्तात आम्ल साठून जीव धोक्यात येऊ शकतो, आणि त्या वेळी साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. मळमळ, उलट्या आणि धाप लागते, घरचे लोक पित्त समजतात, यंत्रावरचा आकडा पाहून निर्धास्त राहतात. हे ऐकल्यापासून मला रात्री झोप नीट लागत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे आले होते. तुझ्या पाटीवर "लो कार्ब" लिहिले की पहिला आत येईल तो त्यांच्यातलाच. व्यायामशाळेतली तरुण मुले नंतर येतील.

मी दुकानदार आहे, म्हणून एक गोष्ट मला डॉक्टरांपेक्षा जास्त कळते. गिऱ्हाईक पाकीट वाचत नाही, गल्ल्यावरच्या माणसाचे तोंड वाचते. "हे मी खाऊ का?" असे तो तुला विचारील आणि मागे रांग असेल. त्या वेळी "हो, बिनधास्त खा" हे म्हणणे किती सोपे असते, ते मी जाणतो. आपल्या दुकानात "शुगर फ्री" बिस्किटे पहिल्यांदा आली तेव्हा मी ती शेजारच्या गुरुजींना स्वतःच्या हाताने दिली आणि म्हणालो, तुमच्यासाठीच आणली आहेत. साखर नव्हतीच त्यात, पण मैदा होता, आणि गुरुजी रोज अर्धा पुडा खात होते. तुझ्या यादीत त्या माल्टिटॉलच्या, म्हणजे साखरेऐवजी दुसरा गोड पदार्थ घातलेल्या, चॉकलेटपुढे तू प्रश्नचिन्ह केले आहेस, ते बरोबर आहे. साखर नाही म्हणून माणूस वडी संपवतो आणि माल्टिटॉल तरीही रक्तातली साखर वाढवतेच. ती चॉकलेटे नाही ठेवलीस तर चालणार नाही का? सणाला खप होईल हे मला मान्य आहे. तरीही.

आणि जाहिरातीत कुठेही "मधुमेह बरा होतो" असे लिहू नकोस, कुणी तुझ्याबद्दल तसे लिहिले तरी ते पुढे पाठवू नकोस. १९५४ च्या कायद्याने मधुमेहावर रामबाण उपायाची जाहिरात करता येत नाही, पण मी कायद्यासाठी सांगत नाही. ते वाचून कुणीतरी गोळी सोडून देईल. म्हणजे मी पुन्हा त्याच ठिकाणी आलो. हे पत्र लिहायला बसताना ठरवले होते की ही गोष्ट एकदाच लिहायची.

तू लहान असताना गिरणीच्या पट्ट्याशी जाऊ नये म्हणून मी पिठाच्या डब्यावर तुला बसवत असे आणि तू प्रत्येक बाईला "किती पायल्या?" विचारायचीस. बायका घरी जाऊन सांगायच्या की आबांची मुलगी माप चुकू देत नाही. गुरुवारी मी फोनवर ओरडलो तेव्हा मला तीच मुलगी दिसत होती आणि पट्टा चालू होता. तू आता चौतीस वर्षांची आहेस, हे मला कागदावर समजते.

जवसाचे मी असे ठरवले आहे. विजूमामाच्या ओळखीने स्टीलचा एक लहान पल्वरायझर बघून ठेवला आहे. तो गिरणीत नाही, मागच्या खोलीत बसवीन, तिथे गहू येऊ देणार नाही. थोडे थोडे दळले तर तापणार नाही. दर आठवड्याला ताजा माल एसटीने स्वारगेटला पाठवीन, तू उतरवून घे. किंमत विचारू नकोस.

शनिवारी पहाटेच्या गाडीने आम्ही दोघे येतो आहोत. फळ्या लावायला मला हातोडी लागेल, ती तिथे असू दे. वजनमापेवाल्यांचा शिक्का मारलेला काटा मी घेऊन येतो, त्याचा कागद दर्शनी भागात लावायचा असतो. आईने कारळ्याची चटणी केली आहे, ती विकायची नाही, तुला खायची आहे.

आणखी एक वस्तू आणतो आहे. मंगळवार पेठेतल्या पेंटरकडून एक लहान पाटी रंगवून घेतली आहे: "मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल, तर आहार बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला." अक्षर मोठे आहे, चष्म्याशिवाय वाचता येते. गल्ल्यावर लावलीस तर मला बरे वाटेल. दुकानाच्या सजावटीत ती बसत नसेल तर दुसरी चांगली करून घे, रंग तू निवड, पण मजकूर तोच ठेव.

तुझे,
आबा