चिंपांझी पाचपट नव्हे, दीडपट

महोदय,

परवा यात्रेत कुस्त्या बघताना शेजारचे आबा म्हणाले, 'चिंपांझीत पाच पहिलवानांचं बळ असतं.' शाळेत मीही हेच ऐकलं होतं. हा समज शंभर वर्षं जुना आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत पिंजऱ्यातल्या चिंपांझींना दोर ओढायला लावून असे आकडे काढले गेले. १९४३ मध्ये नीट मोजमाप झालं आणि फुगा बराचसा फुटला. २०१७च्या संशोधनानुसार, तेवढ्याच वजनाच्या माणसापेक्षा चिंपांझी ओढण्यात-उडी मारण्यात साधारण दीडपट भारी, आणि स्नायूची ताकद सुमारे १.३५ पट.

गंमत कारणात आहे. त्यांच्या स्नायूंत झटक्यात आकसणारे तंतू सुमारे दोन तृतीयांश असतात, आपल्यात संथ पण लवकर न थकणारे जास्त. आमच्या रावेर भागात केळीची कापणी बघा. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर वीस-पंचवीस किलोचा घड, सरीत घोट्याएवढा चिखल. सकाळपासून मजुरांच्या खेपा चालूच. एका हिसक्यात चिंपांझी यातल्या कुणालाही लोळवेल, पण उन्हात दुपारपर्यंत अशा खेपा घालणं त्याच्या स्नायूंचं काम नव्हे.

आबांना हे सांगितलं, तर म्हणाले, 'मंग कुस्ती लावून बघा!'

– एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव