मोर्झिनला जाताय? आधी ब्रेक बघा

संपादक महोदय,

युरोप सहलींच्या लेखांत फ्रान्समधल्या मोर्झिनच्या माउंटन बाइक ट्रेल्सचे कौतुक असते, सुरक्षेबद्दल मात्र फक्त ‘हेल्मेट घाला’. तेवढ्याने भागत नाही. तिथे सायकल रोपवेसारख्या लिफ्टने डोंगरावर जाते. दिवसभर नुसता उतार, म्हणजे सगळा ताण ब्रेकवर.

भाड्याने सायकल घेताना पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते विचारा. आपल्याकडे तो उजवीकडे, तिथे बहुधा डावीकडे. मागचा समजून डावा करकचून दाबला, की स्वार हँडलवरून थेट पुढे! मग ब्रेकचे पॅड, म्हणजे चाकाची तबकडी दाबून धरणाऱ्या पट्ट्या, पाहा. रेझिनचे (राळेसारख्या पदार्थाने बांधलेले) पॅड लांब उतारावर तापून पकड सोडतात. सिंटर्ड (धातूची भुकटी तापवून घट्ट केलेले) मागा, आवाज करतात पण टिकतात. घासणारा थर जेमतेम एक मिलिमीटर उरला असेल तर सायकल परत करा.

ब्रेक सतत अर्धवट दाबून उतरू नये. वळणाआधी जोर लावावा, वळणात सोडावा. वळणांच्या तोंडाशी मातीत आडव्या लाटा दिसतात, त्या उशिरा ब्रेक मारणाऱ्यांनीच पाडलेल्या. तिथे पेडलवर उभे राहून गुडघे सैल ठेवावेत.

ट्रेलच्या पाट्यांचा क्रम, सोप्याकडून अवघडाकडे, हिरवा, निळा, लाल, काळा. शेजारच्या ले जे (Les Gets) या गावी २०२२ची माउंटन बाइकची जागतिक स्पर्धा झाली, म्हणून पहिल्याच दिवशी काळ्या ट्रेलवर जायचे कारण नाही.

– एक सायकलस्वार, पुणे