यंदा गणपतीत आईने चुलीपाशी जायचं नाही

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन केला की आईच उचलते आणि "माका काय धाड भरली हा?" म्हणून विषय मिटवते. म्हणून हे पत्र. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, तिला उद्देशून आहे तेसुद्धा. चष्मा देव्हाऱ्याच्या फळीवर असेल.

आधी ठरलंय ते सांगते. पाचही दिवस आईने यंदा स्वयंपाक करायचा नाही. दादाचं, वहिनीचं आणि माझं एकमत झालंय. बाबा, आठ्या घालू नका, दिवस पाचच राहणार. दीड दिवसाचा विषय कोणी काढलेला नाही. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या सकाळी दादा आठच्या आधीच मोबाइल धरून बसला होता. कुडाळपर्यंतची तिकिटं पक्की आहेत, चतुर्थीच्या चार दिवस आधी आम्ही घरात. माझ्या सासरी गणपती नसतो, त्यामुळे तिकडची काळजी नको; उलट सासूबाईच म्हणाल्या, जा आणि आईला बसव एका जागी. भजन म्हणायला येणाऱ्या बाऱ्यांची उसळ आणि नेवऱ्या वाडीतल्या बचत गटाच्या बायका करून देतील. पैसेही देऊन झाले, म्हणजे आता मोडता येणार नाही. लोक काय म्हणतील हे मनात येईलच तुमच्या. लोक दोन आरत्या म्हणतील, उसळ खातील आणि पुढच्या घरी जातील.

आई, तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. काळ्या वाटाण्याचं सांबारं तुझ्यासारखं आम्हा दोघींना जमणार नाही, हेही माहीत आहे. नैवेद्याचं चाखून बघता येत नाही, तेव्हा मीठ तुझ्याच हाताचं. वहिनी पातेलं तुझ्या खुर्चीपाशी आणील, तू तुझ्या तीन बोटांच्या चिमटीने घालायचंस, तशीच, आधी थोडं परत डब्यात झटकून. तेवढं काम तुझं. उठायचं मात्र नाही.

आता बाबा, तुमच्याशी. तुमच्या खुब्याच्या ऑपरेशनपासून ती रात्री सलग झोपलेली नाही. तुम्ही आता काठीने एकटे मोरीपर्यंत जाता, तिला हाक मारत नाही, तरी दोन वाजता तिला जाग येतेच. तुम्हाला दोष देत नाहीये. तुम्ही पडलात त्यात तुमची काय चूक? पण उशाशी लघवीचं भांडं ठेवलंत की तुमचं उठणं वाचेल आणि काठीचा आवाजही होणार नाही. लाज कसली त्यात.

आणि "जरा आराम कर गो" म्हणणं सोडा. तिला ते ऐकायचा कंटाळा आलाय. आराम कर म्हणायचं आणि पाठोपाठ चहा मागायचा, तर ती कसला करणार? "काही हवं का?" हेही विचारू नका, ती नाहीच म्हणेल. काम हातातून काढूनच घ्यायचं. लसूण सोलणं, भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, सगळं बसून होतं. तुमची चौकशी करायला जो येतो त्याच्यासाठी ती आधण ठेवते. पुढच्या माणसाला तुम्हीच सांगा, चहा नाही, पाणी घे. आणि ती कुरकुरली तर कुरकुरू द्या. उपाय सांगू नका, "माझ्या आईने तर याच्या दुप्पट केलं" हे तर मुळीच नको. नुसतं ऐका.

आई, मला ताप आला की तू माझे तळपाय काशाच्या वाटीने घासायचीस, वाटी काळी होईपर्यंत. "झोप" असं कधी म्हणायची नाहीस, घासत राहायचीस, आणि मी झोपायचे. तुझे पाय कोणी घासले गो कधी? बाबा, वाटी माळ्यावरच्या पितळी डब्यात आहे. तुम्ही चढू नका, शेजारच्या पोराला सांगा. पाय तिचे घासा, तूप घरचं घ्या, आणि ती ओशाळून पाय ओढून घेईल, तरी सोडू नका.

पण नुसत्या मायेने हिमोग्लोबिन वाढत नाही. मे महिन्यातल्या तपासणीत ते ८.९ आलं, बायकांचं १२ च्या खाली जाऊ नये म्हणतात. लोहाची गोळी ती चहाबरोबर घेते, मग अंगी कशी लागणार? चहा तासभर आधी किंवा नंतर, गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर. शौचाला काळं होतं, तेवढ्यावरून बंद करायची नाही. डांबरासारखं चिकट दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना आणि दादाला फोन. गुडघ्यासाठी ती मेडिकलमधून ज्या गोळ्या आणून खाते, त्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे नकोत. तसल्या गोळ्यांनी पोटात थोडं थोडं रक्त जात राहतं आणि कळतही नाही. म्हणूनच त्यांनी शौचाची तपासणी सांगितली होती. डबी अजून कपाटातच आहे ना, आई? घाबरायचं काही नाही, कारण सापडलं तर औषध नेमकं देता येतं. थायरॉइड आणि बी-१२ राहिलंय, तेही त्याच फेरीत. दादाने सोमवारची रिक्षा सांगून ठेवली आहे, दोघांनी जायचं.

एक गोष्ट फक्त बाबांसाठी, हळू वाचा. पायऱ्या चढताना तिला दम लागला, घाम फुटला, मळमळलं, तर "पित्त असेल" म्हणून सोडा देत बसू नका. बायकांना हृदयाचा त्रास छातीत कळ न येताही होऊ शकतो. सरळ १०८ लावायचा.

गणपतीचा पाट मूर्तिकाराच्या शाळेत पोचवायचं काकांच्या मुलाला सांगितलंय. गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान तोच आणील. आम्ही येण्याआधी घर सारवायला, भांडी घासायला बाई येईल. आई, ती येण्याआधी तू भांडी घासून ठेवू नकोस, मी तिला विचारणार आहे. आणि आमच्यासाठी काही करून ठेवू नका. कुळथाची पिठी आणि भात आम्हीच शिजवू, तुम्हालाही वाढू.

तुमची,
चिमी